पोटाखालचा पिवळा ठिपका

जूनमधल्या एका सोमवारी, सकाळी सव्वादहा वाजता, बँकेच्या माणसाने आमच्या शेडच्या दारावर नोटीस लावली. हवेत ओल होती, खळ धरत नव्हती. कागद दोनदा गळून पडला. शेवटी त्याने आत येऊन चिकटपट्टी मागितली आणि रेणुकाने ती काढून दिली.

"कोपरे नीट दाबा हां," ती म्हणाली. "उडाली तर परत यावं लागेल तुम्हाला."

नोटिशीतला मजकूर थोडका होता. थकलेले हप्ते दोन महिन्यांत भरावेत. न भरल्यास मिरजोळे औद्योगिक वसाहतीतली ही शेड, आतली यंत्रे आणि इतर सामान बँक ताब्यात घेईल. 'इतर सामान' यात मी आलो.

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक आहे. लांबट गोल आकाराचा, दोन बारीक रुळांचा, फणसाच्या फळीवर खिळवलेला. आमच्या कारखान्यात रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती तयार होतात. वीतभर लांबीची इंजिने, तेवढेच डबे, तेवढ्याच मालवाहू वाघिणी. इथे तयार झालेले प्रत्येक इंजिन आधी माझ्यावर धावते आणि मगच खोक्यात जाते. मी स्वतः कधी कुठे गेलो नाही, पण माझ्यावरून गेलेली इंजिने मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव अशी पोचली आहेत. गोष्ट त्या नोटिशीपर्यंत कशी आली आणि पुढे कुठे गेली, ते मी पाहिले त्या क्रमाने सांगतो.

मला अण्णांनी बनवले. अण्णा बागायतदार घरातले. त्यांच्या घरून आजोबांच्या काळापासून हापूसच्या पेट्या मुंबईला जात. कोकण रेल्वे सुरू झाली आणि रत्नागिरी स्टेशनात गाड्या येऊ लागल्या, तेव्हा अण्णा चाळिशीला टेकले होते. ते गाडी बघायला म्हणून गेले आणि परत आले ते डोक्यात गाडी घेऊनच. बागेतल्या खोलीत बसून त्यांनी पत्रा कापला, वाकवला, डाग दिला आणि पहिले इंजिन केले. ते चालवायला रूळ हवे, म्हणून मला केले. फळी घरच्या फणसाची. रुळांखालचे स्लीपर त्यांनी चाकूने एकेक तासले. माझ्या एका टोकाचे वळण त्यांच्या हातून जास्तच आवळले गेले. कुसुमकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ते दाखवून दिले.

"असू दे," अण्णा म्हणाले. "या वळणावरून जे जाईल, ते जगात कुठूनही जाईल."

चूक झाकायला सांगितलेले हे कारण पुढे कारखान्याचा नियमच झाले.

थोड्याच वर्षांत अण्णांनी मिरजोळ्यात शेड घेतली आणि आईच्या नावाने पाटी लावली, 'मथुरा मॉडेल्स'. पाटीखाली उभे राहून कोणी 'खेळण्यांचा कारखाना' असे म्हटले की त्यांच्या कपाळावर आठी पडे. "प्रतिकृती," ते दुरुस्त करत.

इंजिने मुंबईला पाठवायची कशी, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. त्यांच्या घरातून मुंबईला जे जाते ते पेंढ्यात जाते. आंबा पेटीत भरणाऱ्या सुंदराबाई त्यांनी बागेतून कारखान्यात आणल्या. लहान लाकडी पेटी, तळाला भाताचा सुका पेंढा, त्यावर इंजिन, भोवती पुन्हा पेंढा, वर झाकण आणि झाकणावर 'रत्नागिरी' असा ठसा. सुंदराबाईंच्या हातची पेटी तुम्ही जिन्यावरून सोडली असती, तरी आतले इंजिन जागचे हलले नसते. मुंबईच्या लोकांना हा थाट फार आवडला. पेटी उघडली की मुले गाडी हातात घेण्याआधी वास घेत, असे दुकानदार सांगत. एका वर्तमानपत्राने पेंढ्यात बसलेल्या इंजिनाचा फोटो छापला. अण्णांनी तो चौकटीत घालून माझ्या वरच्या भिंतीवर लावला. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस.

रेणुका आली ती आयटीआयचे शिक्षण पुरे करून. तिचे वडील रामजी गुरुजी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मुलीने कचेरीत लागावे असे त्यांना वाटत होते. ती गाड्या फिरवायला कारखान्यात जाते, हे त्यांना बरेच दिवस पटले नव्हते. पण काम साधे नव्हते. ती रोज सकाळी स्पिरिट लावलेल्या फडक्याने माझे रूळ पुसायची, कारण वीज रुळांतूनच इंजिनाला मिळते आणि रुळावर धूळ बसली की चांगले इंजिनही आचके देते. मग एकेक इंजिन माझ्यावर ठेवायची. पुढे, मागे, रिकामे, डबे जोडून, आणि शेवटी त्या आवळलेल्या वळणावरून. सगळे जमले तर इंजिन उलटे करून पोटाखाली पिवळ्या रंगाचा एक ठिपका. तो ठिपका रेणुकाशिवाय कोणी देत नसे. अण्णांनी स्वतः जोडलेले इंजिनही तिने एकदा परत पाठवले.

"काय गो, मालकाचं इंजिन नापास?" सुंदराबाईंनी विचारले.

"मालकांना वळण माहीत आहे, काकी. त्यांच्या इंजिनाला नाही," रेणुका म्हणाली.

अण्णा मोठ्याने हसले आणि इंजिन घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ते पास झाले.

मग बाजार बदलला. बाहेरून स्वस्त गाड्या आल्या. मुंबईचे घाऊक व्यापारी दीपकभाई आमचा सर्वांत जास्त माल उचलत. त्यांनी अण्णांना सांगितले की आता ताकदीचे इंजिन हवे, डब्यांची लांब माळ ओढणारे. अण्णांनी कर्ज काढून प्लॅस्टिकचे साचे आणि यंत्र घेतले. सांगलीच्या उन्मेषरावांकडून चांगल्या, जास्त जोराच्या मोटरी घेतल्या. नव्या इंजिनात एक फरक आणखी होता. जुन्याच्या पोटाला पत्र्याचे बंद झाकण होते. नव्याचे पोट उघडे ठेवले, म्हणजे घेणाऱ्याला चाकांच्या दात्यांना ग्रीस लावणे सोपे. कल्पना चांगली होती. कागदावर तिच्यात मलाही खोट दिसली नसती.

नवे इंजिन माझ्यावर सुंदर धावले. वजनदार, शांत. वळणावर किंचित कलून गेले. रेणुकाने ठिपका दिला. सुंदराबाईंनी पेटी भरली. माल गेला.

आणि परत आला.

आधी थोडा, मग पुष्कळ. प्रत्येक इंजिनाची तक्रार तीच. थोडे फिरते, गुणगुणते, थांबते, जळका वास येतो. उघडून पाहिले की मोटर जळालेली. आतून पेंढ्याच्या चार काड्या पडत. त्या झटकून टाकल्या जात. पेंढ्यातून आलेल्या वस्तूत पेंढा सापडला, तर नवल कोणाला वाटणार?

अण्णांनी सांगलीला फोन लावला. उन्मेषराव म्हणाले, मोटरी मी तपासून देतो, तुमच्याकडे काहीतरी होते आहे. अण्णांचा आवाज चढला. "आमच्याकडे काही होत नाही! आमच्याकडे प्रत्येक इंजिन फिरवून बघतात!" पुढे ते पुष्कळ बोलले. शेवटी त्यांनी उन्मेषरावांना 'लबाड' म्हटले. मी जवळच होतो. त्यावर उन्मेषराव काय म्हणाले ते अण्णांच्या आवाजात मला ऐकू आले नाही, पण त्यानंतर त्यांनी अण्णांचा फोन उचलला नाही. मोटरी दुसरीकडून आल्या. त्याही जळाल्या. मग तिसरीकडून.

परत आलेली इंजिने माझ्या शेजारी रचून ठेवत. सगळी उलटी, पोटे वर. प्रत्येक पोटावर रेणुकाचा पिवळा ठिपका. कारखान्यात येणारा-जाणारा ते बघायचा आणि मग तिच्याकडे बघायचा. दीपकभाई फोनवर म्हणाले, "अण्णा, तुमच्या बाई टेस्ट करतात, का नुसता रंग लावतात? तुम्ही आंबेच पाठवा बुवा. ते तरी चालतात." अण्णांनी फोनचा आवाज मोठा ठेवला होता. सगळ्यांनी ऐकले.

त्या संध्याकाळी अण्णा माझ्यापाशी आले. रेणुका रूळ पुसत होती.

"रेणुका, नीट फिरवतेस ना गो सगळी?"

तिचा हात थांबला. "तुम्ही विचारताय हे?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

अण्णांनी ढिगातले एक इंजिन उचलून पाहिले आणि परत ठेवले. ते गेले. मित्रांनो, तिने एकही इंजिन न फिरवता सोडले नव्हते. हे तिच्याशिवाय पक्के माहीत असणारा एकटा मी होतो, आणि मला तोंड नाही. लोक वस्तूंना मुकी म्हणतात. त्या संध्याकाळी तो शब्द मला लागला.

मागणी थांबली. कामगार एकेक करून दुसरीकडे गेले. उरले ते अण्णा, रेणुका, सुंदराबाई आणि माल पोचवणारा महेंद्र. आणि मग त्या सोमवारी नोटीस आली.

बँकेचा माणूस गेल्यावर अण्णा खुर्चीत बसले. "दीपकभाई साचे विकत घ्यायला तयार आहेत," ते म्हणाले. "ते भिवंडीला माल काढतील. शेड बँकेला जाईल. तुम्हा तिघांचं देणं मी आधी देईन."

"माझं देणं पैशाचं नाही," रेणुका म्हणाली. "हा कारखाना आज बंद झाला, तर लोक काय म्हणतील? ती बाई न बघता ठिपके द्यायची, म्हणून बुडाला. मिरजोळ्यात राहायचंय मला. मला दोन महिने द्या. कागदावर आहेतच."

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर स्टूल घेऊन बसली. परत आलेली इंजिने ती बरेच दिवस बघत आली होती. आता ती परत न आलेल्यांचा विचार करू लागली. नव्या इंजिनांतली एकच खेप अशी होती. कोल्हापूरच्या एका दुकानाला गेलेली, लहानशी. तिने तिथे फोन केला.

"फिरत्यात की!" दुकानदार म्हणाला. "एकच ठेवलंय दुकानात, दिवसभर फिरतंय. का, काय झालं?"

"काही नाही. तुम्हाला माल मिळाला तेव्हा पेटीत पेंढा होता?"

"पेंढा कुठला? चिंध्या हुत्या. बायकोनं पुसायला घेतल्या."

रेणुकाला आठवले. ती खेप गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली. आंब्याच्या ऐन हंगामात रत्नागिरीत पेंढा मिळत नाही. जो असतो तो बागायतदार आधीच उचलतात. त्या वेळी सुंदराबाईंनी नाइलाजाने घरच्या जुन्या पातळांच्या चिंध्या घालून पेट्या भरल्या होत्या आणि "आंगच्या कपड्यात गुंडाळलंय पोराला" म्हणून कुरकुर केली होती.

रेणुकाने हे सांगितले तेव्हा अण्णा उभे राहिले.

"म्हणजे दोष पेंढ्याचा? आमच्या आजोबांपासून माल पेंढ्यात जातोय. एक आंबा कधी डागाळला नाही!"

सुंदराबाई तर त्यांच्याही पुढे गेल्या. "माज्या हातचा आंबा पार दुबईला गेलाय. आन तू माज्या पेंढ्याला नावं ठेवतेस? तुज्या लग्नाची भांडी मी पेंढ्यात बांधून दिली होती. फुटला का एक तरी कप?"

"नाही फुटला, काकी."

"मग?"

"मग करून बघू. भांडत बसण्यापेक्षा बरं."

ठरले ते असे. अण्णांनी स्वतःच्या हाताने दोन नवी इंजिने निवडली. रेणुकाने दोन्ही सर्वांसमोर माझ्यावर फिरवली. दोन्ही पास. दोन्हींना ठिपका. मग सुंदराबाईंनी एक पेंढ्यात भरले, एक चिंध्यांत. आणि पेंढ्याची पेटी त्यांनी जन्मात भरली नसेल इतकी नीट भरली. महेंद्रने दोन्ही पेट्या टेम्पोत ठेवल्या.

"हातखंब्याच्या नाक्यापर्यंत जा आणि ये," अण्णा म्हणाले. "खड्डे चुकवायचे नाहीत."

"हायवेवर चुकवायची सोय कुठे आहे, अण्णा? एक चुकवला की दुसरा बोलावतो."

तो परत येईपर्यंत सगळे दारापाशीच घुटमळत राहिले. कुसुमकाकू घरून डबा घेऊन आल्या होत्या. तो तसाच राहिला. टेम्पो आला. आधी चिंध्यांची पेटी उघडली. इंजिन माझ्यावर आले, डबे जोडले, आणि ते निघाले. दोन्ही वळणे सहज घेतली. रेणुकाने ते चांगला बराच वेळ फिरवले आणि उचलले.

मग पेंढ्यातले. तेही निघाले. सरळ रुळावर ठीक होते. सुंदराबाईंचा चेहरा खुलला. "बघा!" त्या म्हणाल्या. आणखी थोडे फेरे झाले. मला मात्र कळले होते. त्याच्या चाकांची पकड मला माहीत असते; ती आता सारखी नव्हती. आवळलेल्या वळणावर ते मंदावले. पुढल्या खेपेला गुणगुणले. मग त्याच वळणावर थांबले. रेणुकाने वीज बंद केली, तरी जळका वास सगळ्यांना आला.

"उघडा," ती अण्णांना म्हणाली. "तुम्हीच उघडा."

अण्णांनी चष्मा लावला, इंजिन उलटे केले, पोटातले दाते सुटे केले. पेंढ्याचा कोंडा ग्रीसला चिकटून त्याचा घट्ट लगदा झाला होता आणि एक लांब काडी आसाभोवती दोऱ्यासारखी गुंडाळली गेली होती. मोटर जोर लावत राहिली होती आणि जोर लावतालावताच जळाली होती. जुन्या इंजिनांना पत्र्याचे झाकण होते, म्हणून त्यांना पेंढा कधी बाधला नाही. आम्ही पोट उघडे केले, आणि पेटी तीच ठेवली.

 सुंदराबाई पुढे झाल्या.

"पेंढ्याचा काय दोष त्यात? आंबा काय पोटाला ग्रीस फासून येतो?"

रेणुकाला हसू फुटले. मग महेंद्रला, मग कुसुमकाकूंना. सुंदराबाई रागावल्यासारख्या उभ्या राहिल्या आणि शेवटी त्याही हसल्या. कितीतरी महिन्यांनी त्या शेडमध्ये कोणी हसले होते. अण्णा हसले नाहीत. ते परत आलेल्या इंजिनांच्या ढिगाकडे बघत होते.

"ठिपका खरा होता गो," ते रेणुकाला म्हणाले. "सगळे खरे होते."

तिने मान हलवली आणि फडके घेऊन माझे रूळ पुसायला लागली. तेवढ्या निमित्ताने तिला पाठ फिरवता आली.

त्यानंतरचे काम चिकाटीचे होते. परत आलेले प्रत्येक इंजिन उघडायचे, रॉकेलने धुवायचे, मोटर बदलायची, पोटाला पत्र्याचे सरकते झाकण बसवायचे. झाकण सरकवले की ग्रीस लावता येते, लोटले की पोट बंद. ते अण्णांनी आणि रेणुकाने मिळून बसवले. सोडून गेलेल्यांपैकी दोघी जणी संध्याकाळी दुसरे काम संपवून मदतीला येऊ लागल्या. मी त्या दिवसांत जितका तापलो तितका कधी तापलो नव्हतो. सुंदराबाईंनी पेंढा सोडला, पण चिंध्यांना त्या तयार होईनात. "चिंध्या घालून माल विकायचा, तर माजं नाव नका सांगू कोणाला," म्हणाल्या. त्यांनी सुती कापडाच्या नाडीच्या पिशव्या शिवल्या, प्रत्येक इंजिनाच्या मापाच्या. पेटी तीच, ठसा तोच.

दीपकभाईंना अण्णांनी फोन केला आणि झाले ते सगळे सांगितले.  "दुसरा कोणी असता तर मोटरवाल्याच्या नावावर ढकललं असतं," दीपकभाई म्हणाले.

"ते मी करून बसलोय," अण्णा म्हणाले.

दीपकभाईंनी दुरुस्त इंजिने दुकानांत ठेवली. ती परत आली नाहीत. मग त्यांनी थोडी नवी मागणी दिली. मुदत संपत आली होती. थकलेले हप्ते भरायला अण्णांनी पुढच्या हंगामाचा आंबा आधीच ठेकेदाराला देऊन टाकला.

"मोहोर यायचाय अजून, आणि तुम्ही आंबा विकलात?" कुसुमकाकू म्हणाल्या.

"दर वर्षी आंबा आपल्याला पोसतो. या वर्षी त्यानं आगगाडीला पोसावं."

"मोहोर झडला तर?"

"तर तू बोल मला. मी ऐकून घेईन."

"ते तर मी असंही बोलणार आहे," काकू म्हणाल्या आणि कागदावर सही केली, कारण बाग दोघांच्या नावावर आहे.

बँकेच्या अधिकारी बाई स्वतः शेड बघायला आल्या. रेणुकाने इंजिन लावले, तर त्या म्हणाल्या, "मला गाडी नको, मागणी दाखवा." अण्णांनी मागणी दाखवली. ती बघून झाल्यावर त्यांनी विचारले, "आता गाडी बघू?" आणि माझ्यासमोर चांगल्या रेंगाळल्या. राहिलेल्या कर्जाची मुदत वाढली, हप्ता लहान झाला. दारावरची नोटीस महेंद्रने ओली करून खरवडून काढली. चिकटपट्टी इतकी चांगली होती की रंगही निघाला.

खरा हात दिला तो पुढच्या वर्षी एका वाघिणीने. कोकण रेल्वेवर भरलेले ट्रकच्या ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेतात. त्या गाडीला इकडे रो-रो म्हणतात. महेंद्रचा भाऊ ट्रकवर असतो. भावाच्या त्या प्रवासाचे वर्णन महेंद्र करायचा, "ट्रकमध्ये बसून आगगाडीचा प्रवास. स्टिअरिंग हातात आणि झोप डोळ्यांत." रेणुका म्हणाली, आपण हीच करू. सपाट वाघीण आणि तिच्यावर सुटा होणारा ट्रक. एका खरेदीत मुलांना दोन्ही मिळतील. अण्णांना आधी ट्रक नको होता. ट्रक म्हणजे खेळणे, असे त्यांचे म्हणणे. मग त्यांनी स्वतःच ट्रकच्या मागे बारीक अक्षरांत 'रत्नागिरी' लिहिले आणि वाद मिटला.

ती गाडी चालली. दुकानदारांनी फोन करून मागितली. गेलेले कामगार परतले, दोन नवे लागले. आंब्याला मोहोर चांगला आला, ठेकेदारही खूश झाला. अण्णा ते बघून जरा हळहळले, एवढेच. यंदाच्या मार्चमध्ये बँकेने कळवले की खाते नियमित झाले आहे. रेणुका आता भागीदार आहे. पाटीवर तिचे नाव लावायला रामजी गुरुजी स्वतः आले होते. त्यांनी माझ्यावर एक इंजिन फिरवून बघितले, वळणावर श्वास धरला, आणि ते पार झाल्यावर म्हणाले, "बरं आहे तुझं कचेरीपेक्षा."

मित्रांनो, मी लाकूड आणि धातू. मला शहाणपण सांगायचा अधिकार नाही. पण माझ्यावरून इतकी चाके गेली आहेत, तर एक मागणे मागतो. तुमची गाडी, घड्याळ, पंखा, काहीही बंद पडले, तर लगेच फेकू नका आणि लगेच कोणाला दोषही देऊ नका. वस्तू उलटी करा. तिच्या पोटात बघा. तिथे जे अडकलेले असते ते बहुधा आपल्याच घरचे असते, आणि फडक्याने निघते. माणसाला लावलेला बोल मात्र फडक्याने निघत नाही.

हे मी उगीच म्हणत नाही. दिवाळीसाठी दीपकभाईंची आजवरची सर्वांत मोठी मागणी आली आहे. त्यांची अट एकच, मोटर पहिल्यासारखी शांत हवी. सध्याच्या मोटरी चालतात, पण घरघरतात. शांत मोटर करणारे उन्मेषराव. पोटात ती काडी सापडली त्या दिवसापासून अण्णा त्यांना फोन करत आहेत. कित्येक महिने ते उचलत नव्हते. एकदा उचलला, तेव्हा अण्णा "चूक माझी होती, तुमचं नाव मी खराब केलं" एवढेच म्हणू शकले. पलीकडून "बघू" आले. गेल्या आठवड्यात त्यांचा स्वतःहून फोन आला. गुरुवारी रत्नागिरीला येतो, ते पोट आणि ते झाकण मला बघायचे आहे, म्हणाले. मोटरी देईन, असे म्हणाले नाहीत.

आज गुरुवार आहे. रेणुकाने माझे रूळ पुसून एक इंजिन उभे केले आहे. सुंदराबाईंनी पाहुण्यांसाठी फणसाचे गरे काढून ठेवले आहेत आणि त्यांवर माशा बसू देत नाहीत. उन्मेषरावांची गाडी जेवणाच्या वेळेला पोचायची होती. आता साडेतीन वाजले आहेत. रेणुकाने दोनदा फोन लावला, लागत नाही. अण्णा दारात उभे आहेत आणि प्रत्येकाला तेच सांगत आहेत, की सांगलीच्या वाटेवर आंबा घाटात रेंज नसते.